कोपऱ्यातला दाणा

माझ्या दुकानातला कीबोर्ड उलटा करून झटकला की आजही एखादा तुरीच्या डाळीचा दाणा खाली पडतो. लातूरच्या मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून माझं डीटीपीचं दुकान आहे. कोचिंग क्लासचे टेस्ट पेपर, लग्नपत्रिका, दुकानांची लेटरहेडं अशी आमची कामं. डाळीशी संबंध काय तो जेवणापुरता. ही डाळ मन्मथअप्पांची. अप्पांनी माझ्या दुकानात डाळ आणली, सांडली, मोठ्या स्क्रीनवर लिंबाएवढी करून पाहिली आणि पेपर न्यायला आलेल्या क्लासच्या सरांना तिच्यावर व्याख्यानही दिलं. मी चिडायची. दोन मिनिटांनी मीच खुर्ची पुढे ओढून डाळ बघत बसायची. त्या माणसाच्या उत्साहाची लागण व्हायचीच, त्याला इलाज नव्हता.

अप्पा यार्डातल्या एका जुन्या आडतीत मुनीम होते. शेतकऱ्याचा माल आडतीत उतरतो, काट्यावर तोलला जातो, खरेदीदार बोली लावतात आणि हिशेब मुनीम मांडतो. साठी ओलांडलेली, अंगात पांढरा नेहरू शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर रुमाल. शर्टाच्या खिशात कायम मूठभर डाळ. बोलता बोलता त्यातला दाणा ते दाताखाली धरत आणि 'कट्' असा आवाज आला की मान डोलावत. माल वाळलेला की ओलसर, हे त्यांना त्या आवाजावरून कळायचं. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की कुठलीही वस्तू घेताना ते ती आधी कानाशी नेत. भांड्यांच्या दुकानात कुकरचं झाकण कानाशी धरून हलवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि काही नवं कळलं की ते आधी कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांच्या पोटात राहायचं नाही. दुकानाच्या पायरीवर पाय पडायच्या आधी आवाज यायचा, "ताई, हातातलं ठेवा अन् हिकडं बगा." हातातलं ठेवल्याशिवाय ते बोलायलाच लागत नसत. मी माउस सोडला आहे, याची खात्री करून घेत.

त्यांना कॅमेऱ्याचं वेड लागलं ते एका फोटोमुळे, किंवा खरं तर बऱ्याच फोटोंमुळे. आडतीच्या भिंतीवर दरवर्षीच्या दिवाळी पाडव्याचे फोटो ओळीनं टांगलेले आहेत. पाडव्याला मुहूर्ताचा सौदा होतो, त्याआधी सगळी आडत एकत्र उभी राहते. मधोमध शेठजी आणि त्यांचे भाऊ, बाजूला मोठे खरेदीदार, मागे हमाल, आणि अगदी उजव्या टोकाला मुनीम आणि तोलाईदार. तोलाईदार म्हणजे काट्यावर माल तोलणारे सुखदेवकाका कांबळे. ते आणि अप्पा बरोबरीनं आडतीत लागले, एकमेकांच्या डब्यातलं कालवण खात म्हातारे झाले, आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढत राहिले. भिंतीवरच्या फोटोंत मात्र हे दोघे कधी फ्रेमच्या पट्टीखाली गेलेले, कधी कुणाच्या फेट्यामागे, आणि उरलेल्या वेळी नुसते धूसर. मध्यभागी शेठजींच्या अंगठीतला खडा दिसायचा, आणि टोकाला दोन फिकट डाग.

एकदा सुखदेवकाका नातीला आडत दाखवायला घेऊन आले. पोरीनं सगळे फोटो नीट पाहिले आणि आजोबा कुठं आहेत, असं विचारलं. काकांनी टोकाच्या डागावर बोट ठेवलं. पोरगी म्हणाली की हे तर कुणीपण असेल. सगळे हसले, काकाही हसले. अप्पा हसले नाहीत. येत्या पाडव्यानंतर ते आणि काका दोघंही काम सोडणार होते, शेठजींचा मुलगा आडत दुसरीकडे हलवणार होता. म्हणजे भिंतीवर लागायला आता एकच फोटो उरला होता.

त्या संध्याकाळी अप्पा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "येत्या पाडव्याचा फोटो मी काढणार, ताई. टोकाचा माणूस वळखू आला पायजे."

कॅमेऱ्यातलं त्यांना तोवर ओ का ठो कळत नव्हतं. त्यांनी जुनी मोपेड विकली आणि गल्लीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याचा वापरलेला कॅमेरा घेतला. सोबत आलेली लेन्स वरातीत नाचणाऱ्यांच्या पायांत पडलेली होती, म्हणून ती फुकट. घरात अप्पांच्या बायकोनं, कलावतीकाकूंनी, लगेच कायदा केला. डब्यातल्या पैशाला हात लागणार नाही, आणि कपाटात भिंग एकच राहील. दुसरं आणायचं तर पहिलं देऊन यायचं. अप्पांनी तो मान्य केला, कारण काकूंचं त्यांच्या घरात तसंच चालायचं.

लेन्स कशी पारखायची, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. त्यांनी आपल्या धंद्यातली रीत उचलली. काळ्या पाटावर मूठभर डाळ एका थरात पसरायची, स्टुलावर चढून वरून फोटो काढायचा, कार्ड माझ्याकडे आणायचं आणि मी ते मोठं करून चारी कोपरे दाखवायचे. मधल्या दाण्यांकडे ते बघतसुद्धा नसत. "मधले दाणे कोणीबी दाखवतंय," ते म्हणायचे. "कोपऱ्यातला दाणा दाखवील ती लेन्स."

पहिल्याच परीक्षेत वरातीतली लेन्स नापास झाली. डावीकडे डाळ डाळ होती, उजव्या कोपऱ्यात तिचं पीठ झालं होतं. पडल्यामुळे आतली काच कलली असणार. नेमकी उजवी बाजू, नेमकी अप्पा-काकांची. अप्पांना याचा इतका संताप आला आणि त्याच वेळी आपण चोर पकडला याचा इतका आनंद झाला की ते दुकानात उभ्या उभ्या गोल फिरले आणि झेरॉक्सच्या मशीनला धडकले.

मग लातुरातले सगळे स्टुडिओ सुरू झाले. बगलेत पाट, खिशात डाळ. एका ठिकाणी त्यांना पूजेचं सामान विकणारा समजून आधीच नको म्हणून सांगितलं. पण स्वस्तात चांगली लेन्स म्हटल्यावर जो तो एकच सल्ला देई, पन्नासची घ्या. पन्नासची म्हणजे पन्नास मिलिमीटरची, झूम नसलेली, मुठीत मावणारी छोटी लेन्स; हलकी, स्वस्त आणि अंधारातसुद्धा उजेड पकडणारी. एका स्टुडिओवाल्यानं वापरलेली दिली. पडलेली लेन्स त्यानं सुट्या भागांसाठी ठेवून घेतली, वर थोडे पैसे अप्पांनी आपल्या चहा-सुपारीतून भरले. त्या दिवशीची डाळ मला अजून आठवते. उजव्या कोपऱ्यातल्या दाण्याची भरडताना उडालेली कड दिसत होती. माझ्यामागे पेपरसाठी थांबलेले फिजिक्सचे सर आपण होऊन वा म्हणाले. अप्पांनी त्यांना खिशातली डाळ खायला दिली.

पन्नासवर अप्पांचा जीव जडला. काकू स्वयंपाकघराच्या दारात बसून शेंगा सोलत होत्या, तेव्हा त्यांनी त्या लेन्सनं एक फोटो काढला. काकू हसताना त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसत नाहीत. यात दात दिसतील एवढ्या हसल्या आहेत, आणि मागचं सगळं घर मऊ होऊन गेलं आहे. अप्पांनी माझ्याकडून त्याची प्रिंट काढून घेतली आणि कुणालाही न मागता दाखवली.

खंडेनवमीला घोटाळा झाला. त्या दिवशी आपल्याकडे विळा-कोयत्यापासून काट्यापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. अप्पा पहाटे आडतीतल्या काट्याच्या पूजेला गेले आणि घरी काकूंनी भक्तिभावानं कॅमेऱ्याची पूजा मांडली. बाकीच्या हत्यारांना लावतात तसंच त्यांनी लेन्सचं झाकण काढून काचेवर भस्माचे तीन पट्टे ओढले आणि मधोमध कुंकू टेकवलं. अप्पा घरी आले तर पाटावरून लेन्स त्यांच्याकडे अगदी त्यांच्याच कपाळासारखी बघत होती. घाबरून त्यांनी ती खांद्यावरच्या रुमालानं खसाखसा पुसली. भस्म गेलं, पण भस्मातल्या बारीक कणांनी काचेवर ओरखडे उमटले ते उमटलेच.

माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. काकूंना ते एक शब्द बोलले नव्हते, हे मला नंतर काकूंकडूनच कळलं. मी कार्ड घातलं, डाळ मोठी केली. कोपऱ्यात गेलो. दाणे जसेच्या तसे. दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. ओरखड्यांचा मागमूस नाही. अप्पांनी लेन्स उजेडात धरली, ओरखडे होते. स्क्रीनवर पाहिलं, नव्हते. मग हळूहळू त्यांचा चेहरा फुलत गेला, तो मी शेजारी बसून पाहिला.

पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे फोटोत सहसा उतरत नाहीत, मागची काच तेवढी जपायची, ही गोष्ट फोटोग्राफर लोकांना ठाऊक असते म्हणे. अप्पांना ती काकूंच्या भस्मानं शिकवली. त्यातून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो मात्र अस्सल बाजारातला होता. पावसात भिजून काळे ठिपके पडलेल्या तुरीला डागी माल म्हणतात. डागी तुरीचा भाव पडतो, पण शिजल्यावर ती चवीला तशीच लागते. तेव्हा इथून पुढे डागी लेन्सच शोधायची. दुसरे दिवशी यार्डभर त्यांनी हे सांगितलं, आणि काकूंसाठी जिलबी नेली.

हा आनंद दोनच दिवस टिकला. पाडव्याची रंगीत तालीम म्हणून त्यांनी हमालांना आडतीसमोर उभं केलं आणि कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत गेले. समोरच्या गोदामाच्या भिंतीला पाठ टेकली, तरी चौकटीत निम्मीच माणसं. पन्नासची लेन्स जवळचं मोठं दाखवते, रुंद पाहत नाही. पाटावरची डाळ चौकटीत मावली म्हणून अप्पांनी माणसं मावतील असं धरलं होतं. सुखदेवकाका टोकाला उभे होते. ते या खेपेला धूसरही नव्हते, नव्हतेच. त्यांनीच लांबून विचारलं की मी येतोय का चौकटीत. अप्पांनी नाही म्हणून मान हलवली आणि भिंतीला टेकून तसेच बसून राहिले.

पण बसून राहणं त्यांना फार वेळ जमायचं नाही. आठवडाभरात ते नवी बातमी घेऊन आले. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या लेन्सा लोक टाकून देतात, त्या एक कडं लावलं की नव्या कॅमेऱ्यावर बसतात. फोकस हातानं फिरवावा लागतो, म्हणून कुणी घेत नाही, म्हणून स्वस्त. नांदेडला मोईनभाई नावाचे एक फोटोग्राफर जुना स्टुडिओ बंद करत होते आणि त्यांच्याकडे रुंद पाहणारी अठ्ठावीसची होती. मी बहिणीकडे नांदेडला जाणार आहे, हे त्यांना माझ्या आधी कळलं असावं, कारण बसस्टँडवर ते बगलेत पाट घेऊन तयार होते.

एसटीत अहमदपूर मागे पडेपर्यंत त्यांनी मला त्या लेन्सचं मर्म समजावलं. जुना रोल मोठा असायचा, आपल्या कॅमेऱ्यात रोलच्या जागी बसवलेला तुकडा लहान. लेन्स मोठ्या रोलसाठी घडवलेली. "परातीएवढी भाकरी हाय अन् ताट बारीक," अप्पा म्हणाले. "ताटात मधलाच भाग बसतो, करपलेल्या कडा भाईर. म्हंजी आपल्या फोटूचा कोपरा लेन्सच्या मधातूनच यायलाय." पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून मला विचारलं, भाकरीचं हॉटेल काढताय का. अप्पांनी त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं.

मोईनभाई सरळ माणूस. ड्रॉवरमधून लेन्स काढून त्यांनी आधी तिची खोडच दाखवली. म्हणाले, "चाचा, सामने का काच खराब हो गया. लेके क्या करोगे?" अप्पांनी मागची काच पाहिली, ती आरशासारखी स्वच्छ होती. लेन्स कानाशी नेऊन हलवली. नाकाशी नेऊन हुंगली. बुरशी धरली असली तर कुबट वास येतो. मग काउंटरवर पाट टाकला, डाळ पसरली आणि मोईनभाई बघत राहिले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर अप्पांनी कोपरा मोठा केला तर दाण्याची कड न् कड दिसत होती.

बाजारात खरेदीदारानं तोंड पाडून ठेवायचं असतं, हे मला अप्पांनीच सांगितलं होतं. त्यांनी प्रयत्न केला. ओठ खाली ओढले, कपाळाला आठी घातली. पण डोळे दिवाळीसारखे उजळलेले, त्याला काय करणार? शेवटी त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या आणि मोईनभाईंच्या हातावर पसरला. आता बोली उघड लागते, पण जुन्या काळी भाव असा रुमालाखाली, बोटं दाबून ठरायचा. अप्पांनी आत बोटं दाबली. मोईनभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, चाचांची तब्येत बरी आहे ना. मी सगळा प्रकार सांगितल्यावर ते इतके हसले की चष्मा काढावा लागला, आणि मग हौसेनं त्यांनीही आतून बोटं दाबायला सुरुवात केली. बराच वेळ ते दोघे लहान मुलांसारखे एकमेकांकडे बघत रुमालाखाली भांडत होते. काय ठरलं ते मला आजतागायत माहीत नाही. रुमालाखालचा भाव रुमालाखालीच राहतो, असं म्हणून अप्पांनी विषय संपवला.

एवढं दिसलं की त्यांनी पिशवीतून पन्नासची काढली. काकूंचा कायदा होता. ओरखडे आपण होऊन दाखवले, ते फोटोत येत नाहीत हेही दाखवलं. मोईनभाई म्हणाले की भतीजी घरीच फोटो काढायला शिकते आहे, तिला होईल. लेन्स द्यायच्या आधी अप्पांनी ती डोळ्याला लावून एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि झाकण बसवलं. मला फार वाईट वाटलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कलावतीचा फोटो झाला न्हवं तिच्यावर. तिचं काम झालं."

पाडव्याच्या सकाळी यार्डात झेंडूची तोरणं होती आणि अप्पांच्या पायांत नवीन, करकरणाऱ्या चपला. स्टँड घ्यायला पैसे उरले नव्हते, म्हणून गोदामाच्या भिंतीशी पोत्यांची थप्पी लावून तिच्यावर त्यांनी कॅमेरा ठेवला. शेठजींना थोडं सरका म्हणून सांगणारा माणूस त्या आडतीत मी पहिल्यांदा पाहिला. शेठजी सरकलेही. लेन्सचं भोक बारीक ठेवलं की पुढचं-मागचं सगळं रेखीव येतं, पण शटर संथ चालतं, तेव्हा हलेल तो पुसला जाईल, असा दम त्यांनी सगळ्यांना भरला. हमाल श्वास रोखून उभे राहिले. सुखदेवकाका नेहमीच्या जागी, उजव्या टोकाला, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांच्या पलीकडे एका माणसाची जागा मोकळी.

बटण मी दाबते असं मी म्हणाले. अप्पांनी ऐकलं नाही. आजच्या फोटोबाहेर कुणी राहायचं नाही, मीसुद्धा. मला त्यांनी हमालांच्या पुढे उभं केलं, थप्पीपाशी गेले, टायमर लावला आणि धावत निघाले.

सरळ आले असते तर पोचलेही असते. पण वाटेत डाव्या टोकाचा एक हमाल त्यांना चौकटीबाहेर वाटला. ते थांबले, त्याला हातानं आत घ्यायची खूण केली, तो आत आला याची खात्री केली, आणि मग नव्या चपला करकरत उजव्या टोकाकडे पळाले. धोतराचा सोगा हातात, रुमाल मागे उडतोय. आम्ही सगळे हसू दाबून पुतळ्यासारखे उभे. तेवढ्यात शटर पडलं.

अप्पा कॅमेऱ्याकडे माघारी पळाले आणि पडद्यावर उजवा कोपरा मोठा केला. शेठजी विचारत होते कसा आला. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "सुखदेवा," ते ओरडले, "हातातलं ठेव अन् हिकडं बग."

सुखदेवकाकांच्या हातात काहीच नव्हतं. ते आले, चष्मा वर करून वाकले. खिशातलं पेन होतं. गालावरचा तीळ होता. दाढी करताना हनुवटीला लागलेलं होतं, तेही होतं. काका बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट शेजारच्या जागेवर गेलं. तिथे एक पांढरा लांबट फराटा होता, वर थोडा रुमालाचा रंग.

"अन् तुम्ही कुठं हाव, मुनीमजी?"

अप्पांनी वाकून पाहिलं, आणि असे हसत सुटले की त्यांना पोत्यांचा आधार घ्यावा लागला. मी म्हणाले, थांबा, सगळे आहेत तोवर परत काढू. पण मुहूर्ताच्या सौद्याची घंटा झाली होती. खरेदीदार निघाले, हमाल पोत्यांकडे धावले, आणि कॅमेऱ्याखालची थप्पीसुद्धा कुणीतरी उचलायला घेतली. अप्पा लेन्सला झाकण लावत म्हणाले की आता कशाला परत, माल पास झाला.

अप्पा आता काकूंसह रेणापूरला असतात. कपाटात भिंग अजून एकच आहे. पाडव्याचा फोटो मी मोठा छापला, आणि नव्या आडतीत तो जुन्या फोटोंच्या ओळीत शेवटी लागला. परवा लेटरहेडं पोचवायला गेले होते, तर सुखदेवकाका नातीला घेऊन आलेले. पोरीनं फोटोवरून नजर फिरवली आणि आजोबांवर लगेच बोट ठेवलं, शोधावं लागलं नाही. मग बोट थोडं पुढे सरकवून तिनं विचारलं की तुमच्या शेजारी हे पांढरं काय आहे.

काका फोटोकडे बघतच म्हणाले, "ते आमचे मुनीमजी. पळत यायलेत."